भावंडांसाठी मे महिन्यातले सात दिवस : महिला व बाल विकास आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि राज्यातील सर्व बालकल्याण समित्यांचे मा. अध्यक्ष व सदस्य

स. न. वि. वि.

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की बालगृहातली मुले दोन गटांत विभागली जातात. ज्यांना आजी, मामा, आत्या किंवा आजारी का होईना आई आहे, ती मुले बालकल्याण समितीची, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीची, परवानगी घेऊन रजेवर घरी जातात. त्यांच्या पत्र्याच्या पेट्या ओसरीवर येतात, नातेवाईक रजिस्टरवर अंगठा किंवा सही करतात आणि मूल मागे वळून न बघता एसटीच्या दिशेने निघते. ज्यांना न्यायला कोणी येत नाही ती मुले जूनच्या मध्यापर्यंत तिथेच राहतात. शयनगृहातल्या निम्म्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या असतात, स्वयंपाकाचे पातेले लहान झालेले असते आणि शाळा नसल्यामुळे दिवस संपता संपत नाही. याच मुलांसाठी मे महिन्यात होणाऱ्या एका शिबिरात आम्ही सात मित्रमैत्रिणी २०२२ पासून स्वयंसेवक म्हणून जात आहोत. वेगवेगळ्या बालगृहांत ताटातूट झालेल्या भावंडांविषयी तिथे जे पाहिले आणि त्यातून जी मागणी सुचली, त्याविषयी हे पत्र आहे.

आम्ही सातही जण पुण्यातल्या एकाच महाविद्यालयात शिकलो. आज आमच्यात एक परिचारिका आहे, दोघे शिक्षक आहेत, एक जण बँकेत आहे आणि बाकीचे खाजगी नोकऱ्यांत आहेत. शिबिर आम्ही भरवत नाही. ते भरवणारी संस्था वेगळी आहे आणि तिचे कार्यकर्ते या कामात आमच्यापेक्षा कितीतरी मुरलेले आहेत. आम्ही वर्षभराच्या रजा साठवून आठ दिवसांसाठी वाईजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावात, सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या शाळेत जाऊन राहतो आणि प्रत्येकी पाच-सहा मुलांची जबाबदारी घेतो. सकाळी उठवण्यापासून रात्री मच्छरदाण्या खोचण्यापर्यंत ती मुले आमची असतात. या पत्रात एकाही मुलाचे नाव, गाव किंवा संस्था आलेली नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मुलांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. तो कायदा नसता, तरी ती नावे सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली आणि या पत्राची सुरुवात तिथूनच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन फार असल्याने आम्ही मुलांना वर्गात बसवले, खडू-रंग वाटले आणि ‘माझे घर’ हा विषय दिला. कोणत्याही शिबिरात हाच विषय देतात, म्हणून आम्हीही दिला. थोड्याच वेळात वर्ग गप्प झाला. दोघांनी बालगृहाची इमारत काढली, तीही मोजपट्टीने, सगळ्या खिडक्यांसह. एकाने कागद कोराच परत दिला. माझ्या गटातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने कौलारू घर काढले, दार काढले, दारात बसलेली कोंबडीसुद्धा काढली, आणि दारासमोर तळहाताएवढी जागा मुद्दाम रिकामी सोडली. तिथे काय आहे, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “तिथं झाड होतं. कुठलं ते ताईला माहीत.” शिबिरात सगळी मुले आम्हाला ताई-दादाच म्हणतात, त्यामुळे तो मला उद्देशून काही म्हणतो आहे असे मला वाटले आणि मी म्हणाले, मला कसे माहीत असेल? त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. तो त्याच्या सख्ख्या बहिणीविषयी बोलत होता.

ती बहीण त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आहे. समितीपुढे दोघे एकत्रच आले होते, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. सुरुवातीचे काही महिने दोघे एकाच संस्थेत होते. पुढे ती मोठी झाली म्हणून तिला मुलींच्या बालगृहात हलवण्यात आले. ते बालगृह दुसऱ्या जिल्ह्यात आहे. २०१९ च्या दिवाळीत त्यांची एकदा भेट झाली. त्यानंतर कोरोना आला आणि बालगृहांची दारे बाहेरच्या प्रत्येक माणसाला बंद झाली. अधीक्षकांनी आपल्या स्वतःच्या मोबाइलवरून त्यांचे चार-सहा वेळा बोलणे करून दिले, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. परंतु मुलगा पडद्याकडे बघून गप्प बसायचा आणि बहीण “जेवतोस का, अभ्यास करतोस का” एवढेच विचारायची. दोन्ही बाजूंना मोठी माणसे उभी असताना भावंडे दुसरे काय बोलणार?

आमच्या शिबिराच्या संस्थेने पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, खटपट करून मुलींच्या दोन बालगृहांना शिबिरात सामील करून घेतले. मुलींची राहण्याची सोय वेगळ्या इमारतीत, त्यांच्या अधीक्षिका आणि काळजीवाहिकांसह केली. निवड करताना ज्यांचे भाऊ आमच्याकडे येणार होते त्या मुलींना प्राधान्य दिले. अशा सहा जोड्या त्या वर्षी एकत्र आल्या.

त्या दिवशी मी जे पाहिले ते चित्रपटात दाखवतात तसे मुळीच नव्हते. कोणी कोणाला मिठी मारली नाही. गाडीतून उतरलेली ती मुलगी भावासमोर येऊन उभी राहिली, त्याच्या कानामागे बघितले, हात हातात घेऊन नखे बघितली आणि मला म्हणाली, “ताई, नेलकटर आहे का?” पिंपळाच्या पारावर बसून तिने त्याची वीसही नखे कापली आणि तो सगळ्या मुलांच्या देखत, जराही न लाजता, पाय पुढे करून बसला. एरवी कोणी खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरणारा हा मुलगा होता.

मग झाडाचा प्रश्न निघाला. तिने सांगितले की दारात शेवगा होता, त्याच्या शेंगा आई दांडक्याने पाडायची आणि तो खाली पडलेली पांढरी फुले वाटीत गोळा करायचा. त्याला हे पटेना, कारण त्याच्या आठवणीतले झाड आभाळाएवढे होते आणि शेवगा तर बारकासा असतो. त्यावर ती म्हणाली, “तू बारका होतास.” तीन दिवस हा वाद अधूनमधून चालू होता. जेवताना, लगोरीचा डाव मांडताना, करवंदे तोडायला गेल्यावर. चौथ्या दिवशी त्याने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि ते घर पुन्हा काढले. या वेळी दारात शेवगा होता.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात कळली. मुलाची नोंदवहीतली जन्मतारीख १ जून आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शिक्षकाला ही तारीख ऐकून काही वेगळे सांगावे लागणार नाही. खरी तारीख माहीत नसली की शाळेत १ जून लिहिण्याची आपल्याकडची रीत आहे. परंतु बहिणीला ठाऊक होते की तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मला, कारण आदल्या दिवशी शेजारच्यांच्या बैलांना पुरणपोळी खाऊ घालून आलेली आई रात्री कण्हत होती आणि आजीने तिला, म्हणजे त्या चार वर्षांच्या मुलीला, शेजारी नेऊन झोपवले होते. मुलाच्या घरची चौकशी करून लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल अनेक पानांचा असतो. त्यात आई-वडिलांचे उत्पन्न असते, व्यसन असते, घरात किती खोल्या होत्या तेही असते. दारातला शेवगा आणि पोळ्याची रात्र त्यात नसते. ज्या मुलाचे घर मोडले आहे, त्याच्या घराची हयात असलेली एकमेव साक्षीदार पुष्कळदा त्याची भावंडेच असतात. तिला एका जिल्ह्यात आणि त्याला दुसऱ्या जिल्ह्यात ठेवले की त्या मुलाचे पहिल्या पाच वर्षांचे आयुष्य कोणाकडेच राहत नाही.

हे पत्र कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार म्हणून लिहिलेले नाही. आम्हाला भेटलेल्या अधीक्षकांपैकी बहुतेकांचे पगार तुटपुंजे आहेत, मंजूर पदे रिकामी आहेत आणि तरीही कोणत्या मुलाला कोणती भाजी चालत नाही हे त्यांना तोंडपाठ आहे. परंतु पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय मागणी समजणार नाही. २०२४ मध्ये त्याच मुलीसाठी वेळेत अर्ज दिला होता. दोन जिल्हे असल्यामुळे कागद दोन समित्या आणि दोन कार्यालये यांच्यात फिरत राहिला आणि परवानगीचे पत्र शिबिर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हाती आले. २०२५ मध्ये संबंधित अधिकारी बदलले होते. शिबिरासाठी, तेही भावाला भेटण्यासाठी, मुलीला जिल्ह्याबाहेर पाठवण्याची तरतूद नियमांत दिसत नाही, असे आम्हाला सौजन्याने सांगण्यात आले. मुलगा दोन्ही वर्षे गाडी येईल त्या बाजूच्या कठड्यावर बसून होता. दुसऱ्या वर्षी तो तासाभराने आपणहून उठला आणि खेळायला गेला. मला पहिल्या वर्षीच्या त्याच्या रडण्यापेक्षा हे उठून जाणे अधिक लागले.

म्हणून आम्ही बाल न्याय अधिनियम मिळवून वाचला. आमच्यापैकी कोणी वकील नाही, तेव्हा जे शब्दांत स्पष्ट आहे तेवढेच मांडते. प्रतिपालकत्वाविषयीचे, म्हणजे मुलाला तात्पुरते दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याविषयीचे, कलम ४४ सांगते की प्रतिपालक कुटुंबात भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत, मात्र एकत्र राहणे त्यांच्या हिताचे नसेल तर तसे करू नये. म्हणजे भावंडांचे नाते जपण्याजोगे आहे हे आपल्या कायद्याने मान्य केलेले आहे. परंतु बालगृहांविषयीच्या कलम ५० मध्ये भावंडांचा उल्लेख नाही, आणि आपल्या राज्यात प्रतिपालक कुटुंबे अजून मोजकीच असल्यामुळे घरापासून दूर राहणारी बहुसंख्य मुले संस्थांमध्येच आहेत. मुलांची आणि मुलींची बालगृहे वेगवेगळी असतात, त्याला सुरक्षिततेची सबळ कारणे आहेत आणि ती बदलावीत असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्याचा परिणाम असा होतो, की बहीण-भाऊ असणे हेच ताटातुटीचे कारण ठरते. दोन भाऊ असते तर कदाचित एकत्र राहिले असते.

कलम ९८ रजेविषयी आहे. परीक्षा, नातेवाइकांचे लग्न, जवळच्या माणसाचा मृत्यू, आई-वडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार अशा प्रसंगी समिती मुलाला देखरेखीखाली, साधारणपणे एका वेळी सात दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस सोडून, रजा देऊ शकते. या कलमापाशी मी बराच वेळ थांबले. भाऊ वारला तर बहिणीला सात दिवस मिळू शकतात, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तो जिवंत असताना, धडधाकट असताना, पिंपळाच्या पारावर नखे कापून घ्यायला तयार असताना तिला तेवढेच सात दिवस मिळावेत, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही आणि म्हणून ते त्या त्या खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर राहते.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे की ज्या भावंडांत जिव्हाळा आहे त्यांची ताटातूट, छळाचा धोका किंवा तसेच दुसरे ठोस कारण नसेल तर, करू नये. तशी ती झालीच तर त्यांचा परस्परांशी संपर्क टिकवण्याचे प्रयत्न व्हावेत. दूरचे उदाहरण द्यायचे तर अमेरिकेत लिन प्राइस यांनी १९९५ मध्ये ‘कॅम्प टू बिलाँग’ नावाचे शिबिर सुरू केले. त्या स्वतः प्रतिपालक कुटुंबात वाढल्या आणि त्यांची बहीण वेगळ्या घरी होती. तिथे वेगवेगळ्या घरांत ठेवलेली भावंडे उन्हाळ्यात एकत्र येतात आणि एकमेकांचे चुकलेले वाढदिवस साजरे करतात. मला हे वाचताना आपल्याकडची १ जूनची तारीख आठवली. आमच्याकडच्या मुलांना वाढदिवस साजरा करण्याआधी तो कधी असतो हेच भावंडांकडून विचारून घ्यावे लागेल.

आमची मागणी अशी आहे. राज्यातल्या सहा महसुली विभागांपैकी प्रत्येक विभागात, मे महिन्यात, सात दिवसांचे एक भावंड-शिबिर आपल्या विभागाने अधिकृतपणे भरवावे किंवा अनुभवी संस्थांमार्फत भरवून घ्यावे. वेगवेगळ्या बालगृहांत असलेली भावंडे तर त्यात असावीतच, पण एक भावंड बालगृहात आणि दुसरे प्रतिपालक कुटुंबात, किंवा मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकांना सरकारी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेच्या आधारावर मावशी-आत्याकडे असेल, तर त्यांनाही बोलवावे. अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. घरात एकच पोर सांभाळणे परवडते म्हणून आत्या मुलीला ठेवून घेते आणि मुलगा संस्थेत येतो. त्या मुलाच्या मनात काय चालते हे त्याने एकदा रात्री भेंड्या संपल्यावर अंधारात विचारले होते. “तिला ठेवली, मला का नाही?” असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. बहीण समोर असती तर निदान तिने सांगितले असते की तिलाही तिथे भांडी घासावी लागतात आणि तीही त्याच्या नावाने रडते.

हे व्हायचे तर आधी कोणाचे भावंड कोठे आहे हे एका जागी माहीत असले पाहिजे. ही माहिती आज प्रत्येक मुलाच्या तपासणी अहवालात आणि वैयक्तिक काळजी आराखड्यात विखुरलेली आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षांनी ती वर्षातून एकदा एकत्र करून विभागाच्या पातळीवर जुळवली, तर नवा कर्मचारी नेमावा लागणार नाही. त्यानंतर वेळेचा प्रश्न येतो, आणि आमच्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे. शिबिरासाठीचे प्रस्ताव डिसेंबरअखेर यावेत आणि समित्यांचे आदेश मार्चअखेर निघावेत, असे एक वेळापत्रक आपण परिपत्रकाने ठरवून द्यावे. दोन जिल्हे गुंतलेले असतील तेव्हा कोणत्या समितीने आधी आदेश काढायचा हेही त्यातच लिहावे. कलम ९८ खालच्या रजेसाठी भावंडाची भेट हे योग्य कारण मानावे, असे स्पष्टीकरण त्या परिपत्रकात आले, तर खुर्चीवरची व्यक्ती बदलल्यावर नियम बदलणार नाही. जाण्या-येण्याचा खर्च हा प्रश्न लहान वाटतो, पण दोन मुलींना काळजीवाहिकेसह तीन जिल्हे ओलांडून आणायचे तर ते पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे हे अधीक्षिकेला माहीत नसते आणि ती स्वतःच्या पर्समधून देते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सर्वच भावंडांना एकत्र आणावे असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या भावाकडून लहानग्याला इजा झालेली असू शकते, घरातल्या एखाद्या भयंकर घटनेचा दोष दोघे एकमेकांना देत असू शकतात, किंवा एखादी मुलगी सरळ ‘मला भेटायचे नाही’ म्हणू शकते. तिचे ऐकले पाहिजे. अशा प्रत्येक जोडीबाबत समुपदेशकाने दोघांशीही वेगवेगळे बोलून लेखी मत द्यावे आणि मगच समितीने ठरवावे.

एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकला आणि तो प्रामाणिक आहे. भेटीनंतर मुले बिथरतात, जेवत नाहीत, मारामाऱ्या करतात. मग हे सगळे आम्हाला निस्तरावे लागते, असे काळजीवाहक सांगतात. ते खरे आहे. २०२३ च्या शिबिरानंतर तो मुलगा दोन दिवस जेवला नव्हता, असे अधीक्षकांनी मला फोन करून सांगितले. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मी खूप विचार केला. परंतु त्याच अधीक्षकांनी पावसाळ्यात सांगितले की मुलाने पोस्टकार्डे मागून घेतली आहेत, दर रविवारी तो एक लिहितो आणि त्यासाठी का होईना त्याचे शुद्धलेखन सुधारले आहे. ताटातुटीचे दुःख त्या मुलाला आधीच होते. शिबिराने ते बाहेर काढले. पुढची भेट कधी, याची तारीख मुलाला सांगता आली तर ते दुःख त्याला सोसवते. तारीख सांगून ती पाळली नाही तर मात्र आपण न भेटवण्याहून वाईट काम करतो, आणि आमच्या शिबिराकडून दोन वर्षे नेमके तेच घडले आहे.

स्वयंसेवकांबाबतही काही लिहिणे मला भाग आहे, कारण आपण हे शिबिर मान्य केले तर माणसे आमच्यासारखीच लागतील. पहिल्या वर्षी आमच्यापैकी एकाला नोकरीतल्या अडचणीमुळे तिसऱ्या दिवशी परत जावे लागले. त्याच्या गटातला एक मुलगा उरलेले पाच दिवस प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून बाहेर जात होता. त्यानंतर आम्ही ठरवले की आठही दिवस थांबता येत नसेल तर येऊच नये आणि सलग तीन वर्षे येण्याची तयारी नसेल तर पहिल्या वर्षीही येऊ नये. हा नियम आपण सर्वांसाठी करावा. पोलीस पडताळणी, किमान दोन दिवसांचे प्रशिक्षण, कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत न थांबणे, शिबिराच्या काळात फोन कार्यालयात जमा करणे आणि एकही छायाचित्र बाहेर न जाणे, या अटी सक्तीच्या असाव्यात. मुलाने अत्याचाराविषयी काही सांगितले तर ते पोटात ठेवता येत नाही, बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हेही प्रत्येक स्वयंसेवकाला आधीच ठाऊक असले पाहिजे. पहिल्या वर्षी आम्हाला ते पुरेसे ठाऊक नव्हते.

बालगृहात वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या तरुण मंडळींविषयी माझ्या मनात दुरावा नाही. त्यांचा हेतू चांगला असतो आणि केक मुलांना आवडतोच. पण मुलांना अनोळखी माणसांसमोर रांगेत बसून टाळ्या वाजवण्याची इतकी सवय झालेली असते की आम्ही पहिल्या दिवशी शाळेच्या पटांगणात पाय ठेवला तेव्हा कोणी न सांगता मुले ओळीने बसली आणि त्यांनी स्वागतगीत सुरू केले. चौथ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ती झाडावर सूरपारंब्या खेळत होती आणि वरूनच ओरडली की उशीर झाला, खिचडी संपली. एका वर्षी उशीखाली भाकरी लपवणारा मुलगा पुढच्या वर्षी ती लपवत नाही. हा बदल दिसायला तीन मे महिने लागतात. ज्यांना ते तीन मे महिने देणे शक्य आहे अशी तरुण माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांना दाराशी नेणारी एखादी नोंदणीची व्यवस्था आपल्या विभागाकडे असावी.

शिबिर हा या प्रश्नाचा अंतिम उपाय नाही, याची आम्हाला जाणीव आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा, असे कायद्याच्या कलम ३ मधील तत्त्वांतच लिहिले आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालक कुटुंबाला मुलामागे महिना ४,००० रुपयांचे साहाय्य आहे, आणि २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली आहे. बहीण-भावाला एकत्र स्वीकारणारी कुटुंबे शोधण्यासाठी आपण जिल्हा कक्षांना वेगळे उद्दिष्ट द्यावे, अशी विनंती मी जोडीने करते. त्या मुलांना शेवग्याचे झाड दारात असलेले घर पुन्हा मिळावे अशीच आमची इच्छा आहे. पण कुटुंबे मिळायला वर्षे लागतील आणि मुले तोवर मोठी होत राहतील.

या पत्रातल्या बहिणीची नोंदवहीतली जन्मतारीखही १ जूनच आहे. येत्या १ जून २०२६ रोजी ती कागदोपत्री १८ वर्षांची होईल आणि मुलींचे बालगृह सोडेल. त्यानंतर ती अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरा पूर्ण होऊन संस्था सोडणाऱ्यांच्या निवासात, जाईल की कोठे काम धरील, हे अजून ठरलेले नाही. बालगृहाच्या फाटकावर ती भावाला भेटायला येईल तेव्हा रजिस्टरमध्ये तिची नोंद ‘अभ्यागत’ अशी होईल आणि भेटीच्या वेळेत तिला परत जावे लागेल. आमच्या शिबिराच्या संस्थेने या वर्षीचा अर्ज दोन्ही जिल्ह्यांत आताच, डिसेंबरमध्ये, दिला आहे. त्याची पोच आमच्याकडे आहे. शिबिर १० मे रोजी सुरू होत आहे.

आपली विश्वासू,
सात मित्रमैत्रिणींच्या वतीने एक शिबिर-स्वयंसेविका
पुणे, डिसेंबर २०२५